कोंबड्यांची शिंक व तिची परीक्षा

ज्या शेतकऱ्याचे घरीं दहा-बारा कोंबड्या आहेत, त्याच्या कानीं हिवाळ्यांत पहांटेच्या वेळीं खुराड्यांतून शिंकेचा आवाज केव्हांतरी येतोच. गारठ्यानें पडसें झालें असेल असें म्हणून तो आपल्या कामास लागतो. पुष्कळ वेळां त्याचें म्हणणें फारसें चुकत नाहीं. परंतु जेव्हां चुकतें, तेव्हां आठवड्याच्या आंत खुराडें रिकामें होतें. म्हणून शिंक ऐकल्यावर पहिल्याच दिवशीं काय पाहावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

कोंबडीच्या श्वासाची रचना आपल्याहून निराळी आहे. छाती व पोट यांमध्यें आपल्यासारखा पडदा तिला नसतो. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या नऊ पिशव्या तिच्या शरीरांत पसरलेल्या असतात. त्यामुळें धूळ, उग्र वाफ किंवा रोगजंतु नाकांत शिरले म्हणजे ते तेथेंच न थांबतां खोलवर जातात.

प्रथम खुराडें तपासावें. सकाळीं सर्वच कोंबड्या थोड्याफार शिंकतात, आणि अंगणांत सोडल्यावर तासाभरांत शिंक थांबते, नाक कोरडें व भूक चांगली असते, तर दोष बहुधा जागेचा होय. खुराड्यांत कोंबडीच्या उंचीइतकें वांकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, तर ओल्या विष्ठेंतून निघणारा अमोनिया सांचला आहे असें समजावें. ओली विष्ठा काढून भाताचें कोरडें तूस पसरावें व तें वरचेवर हालवावें. हवा जाण्यास छपराखालीं उंचावर फटी ठेवाव्या. थंड वारा थेट बसलेल्या पांखरांवर येऊं देऊं नये. सातपुड्यांतील पाड्यांवर थंडीमुळें कोंबड्या रात्रीं घरांतच चुलीजवळ झांकून ठेवतात. तेथें धूर हेंही शिंकेचें एक कारण असतें.

जागा सुधारूनहि शिंक थांबली नाहीं, तर रोगाचा संशय घ्यावा. नाकांतून दुर्गंधी स्राव येऊन डोळ्याखालीं तोंड सुजलें असेल, तर तो सांसर्गिक पडशाचा रोग असण्याचा संभव असतो. आठवडेच्या आठवडे छातींत घरघर, अंगीं रोडपणा व अंडीं कमी, अशी स्थिति असेल, तर तो जुनाट श्वासरोग असूं शकतो. या दोहोंवर पशुवैद्याच्या औषधाचा उपयोग होतो; मात्र दुकानांतून अदमासानें औषध आणून पाजूं नये.

चोंच उघडून धापा टाकणें, हिरवट पातळ विष्ठा, मान वांकडी होणें, पंख व पाय लुळे पडणें, आणि भराभर मृत्यू, हीं राणीखेतचीं, म्हणजे मानमोडीचीं, लक्षणें होत. कुमाऊंतील राणीखेत येथें सन १९२७-२८ च्या सुमारास हा रोग आढळला, म्हणून त्यास तें नांव मिळालें. यावर औषध नाहीं. लस हाच उपाय. पिलूं पांच ते सात दिवसांचें असतां लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यांत किंवा नाकांत घालतात, व सुमारें आठव्या आठवड्यास आर-टू-बी ही लस टोंचतात. लस बर्फांतच आणावी, आणि निरोगी पांखरांनाच द्यावी.

परंतु केवळ लक्षणांवरून निर्णय करूं नये, हें आपल्या जिल्ह्यास महागांत शिकावें लागलें. सन २००६ च्या आरंभीं नवापूर येथील कोंबडीपालन केंद्रांत पांखरें मरूं लागलीं, तेव्हां मानमोडीच असावी असा समज होता. १८ फेब्रुवारीस भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीवरून तो बर्ड फ्लू असल्याचें जाहीर झालें. भारतांतील ती पहिलीच साथ होय. तीन किलोमीटरच्या टापूंतील पांखरें, परसांतल्या कोंबड्यांसुद्धां, मारून पुरावीं लागलीं. सन २०२१ च्या फेब्रुवारींत हा रोग नवापुरास पुन्हां आला. हा रोग माणसासहि होऊं शकतो.

म्हणून एकाएकीं दोन-चार पांखरें मेलीं, तर बाकीचीं कोंडून ठेवावीं, शिंकणारीं वेगळीं काढावीं, मेलेलीं उघड्या हातानें हाताळूं नयेत, व नाकातोंडास फडकें बांधून त्याच दिवशीं ग्रामपंचायतींत व पशुवैद्यकीय दवाखान्यांत वर्दी द्यावी. सन २००९ च्या कायद्यानें ही वर्दी देणें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. शिवाय बर्ड फ्लूच्या साथींत सरकार जीं पांखरें मारतें त्यांचीच भरपाई मिळते, आधीं मेलेल्यांची मिळत नाहीं. तेव्हां उशीर करण्यांत मालकाचेंच नुकसान आहे.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शिंकणारी कोंबडी मरण्याआधीं आठवड्याच्या बाजारांत नेऊन विकावी, म्हणजे चार पैसे तरी पदरीं पडतील, असा विचार कित्येकांच्या मनांत येतो. त्या एका टोपलींतून रोग संध्याकाळपर्यंत दहा गांवीं पोंचतो, आणि पुढच्या बाजारीं आपणच विकत घेतलेल्या पिलांबरोबर तो आपल्या अंगणांत परत येतो. नवीन आणलेलें पांखरूं तीन आठवडे वेगळें ठेवावें, आणि आजारी पांखरूं घराबाहेर जाऊं देऊं नये. एवढे दोन नियम गांवानें मिळून पाळले, तर गांवांतील पुष्कळ कोंबड्या वांचतील असें आम्हांस वाटतें.