हंगामाआधी ट्रॅक्टरची वायरिंग बघून घ्या

सोयाबीनची मळणी उरकते न उरकते तोच रब्बीची पेरणी अंगावर येते आणि ऊसपट्ट्यात कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडायची वेळही तीच. पुढचे चार-पाच महिने ट्रॅक्टरला उसंत नाही. ऑइल, फिल्टर, टायर आपण बघतो. वायरिंगची आठवण मात्र सेल्फ बंद पडल्यावरच होते, आणि तो बहुधा भर पेरणीतच बंद पडतो.

सेल्फ मारला की नुसती टक-टक होते आणि आपण बॅटरीला दोष देतो. नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी बघा. सेल्फ सहज दोनशे अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला गंजलेल्या सांध्यात ओहमचा शंभरावा भाग अडथळा आला तरी दोन व्होल्ट तिथेच जिरतात. पावसाळ्यातली ओल आणि ट्रॅक्टरवरून वाहिलेल्या खतांचे क्षार यांमुळे हे सांधे हमखास खराब होतात. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर दोष अर्थिंगचा. पट्टी सोडवून रंग-गंज घासून काढावा आणि घट्ट आवळावी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून वर पेट्रोलियम जेली लावावी. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी. नाहीतर पान्हा बॉडीला टेकला की ठिणगी उडालीच.

दुसरा शत्रू उंदीर. पिके निघाली की तो रानातून शेडकडे वळतो. शेजारी पोती, भुसा किंवा कडबा असेल तर बॉनेटखालची ऊबदार जागा त्याला आयतीच मिळते. डांबरगोळ्या, तंबाखू यांचा वास चार दिवसांत उडतो, त्यावर विसंबू नये. धान्य ट्रॅक्टरपासून लांब ठेवावे, ट्रॅक्टर उभा असताना बॉनेट उघडे टाकावे, आठवड्यातून एकदा तरी आत नजर टाकावी. मळणीनंतर सायलेन्सरजवळ आणि वायरींवर साचलेले भुसकट हवेने उडवून काढावे. सोललेली वायर आणि कोरडे भुसकट एकत्र आले की आग लागते.

पण बहुतेक बिघाड आपणच विकत घेतो, असे माझे स्पष्ट मत आहे. टेप, मोबाइल चार्जर, टपावरचे फोकस, सगळे जिथे वायर सापडेल तिथे सोलून, पीळ देऊन, चिकटपट्टी गुंडाळून जोडलेले. ५५ वॅटचा एक हॅलोजन साडेचार अँपिअर घेतो. चार लावले की अठरा. १५ अँपिअरचा फ्यूज उडणारच. मग तिथे ३० चा फ्यूज किंवा सरळ तांब्याची तार येते. फ्यूज दिव्याच्या नव्हे, वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो मोठा केला की फ्यूजऐवजी वायर जळते. जास्तीच्या दिव्यांसाठी बॅटरीपासून स्वतंत्र अडीच चौरस मिलिमीटरची वायर, तिला बॅटरीजवळच वेगळा फ्यूज आणि रिले लावून घ्यावा. सांधे लग पंच करून करावेत. एलईडी घेतले तर भार बराच उतरतो.

बॉनेटच्या बिजागरीजवळ आणि स्टिअरिंगखाली वायरी पत्र्याला घासतात. तिथे स्लीव्ह चढवावी. ट्रॅक्टर धुताना प्रेशरचे पाणी फ्यूज बॉक्सवर आणि डायनामोवर मारू नये. वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडूनच. ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना २०२३ पासून उत्सर्जनाचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. अशा ट्रॅक्टरच्या वायरीत टेस्टरची सुई खुपसू नका, कंपनीच्या कारागिरालाच दाखवा.

शेवटचे काम ट्रॉलीचे. ट्रॅक्टरचे मागचे दिवे उसाच्या भाराआड झाकले जातात, त्यामुळे मागून येणाऱ्याला ट्रॉलीचेच दिवे दिसायला हवेत. दोन ट्रॉल्या जोडत असाल तर मागच्या ट्रॉलीपर्यंत टेललाइट, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर चालतात का, हे अंधारात उभे राहून बघा; प्लगच्या पिना घासा आणि रिफ्लेक्टर नवे चिकटवा. कारखाना सुरू झाल्यावर इलेक्ट्रिशियनकडे रांग लागते, म्हणून हे काम याच आठवड्यात उरकून घ्या.