पंधरा वर्षांच्या मुलाशी बोलायला जाताना

चि. मृणाल हिस,


बी.एड.साठी तू ज्या मुलाची मुलाखत घेणार आहेस, त्याच्यासाठी काढलेले प्रश्न वाचले. मेहनत दिसते, पण बहुतेक प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटता येतं, आणि दहावीतला मुलगा तसाच सुटेल. ‘मित्रांचा तुझ्यावर प्रभाव आहे का?’ याला तो नाहीच म्हणणार. त्यापेक्षा काल शाळा सुटल्यावर कोणाबरोबर निघालास, कुठे थांबलात, उशीर झाल्यावर घरी काय सांगितलंस, हे विचार. उत्तर आलं की ‘असं का वाटलं तुला?’ म्हण आणि थांब. तो गप्प राहिला तरी घाई करू नकोस, बऱ्याचदा तो शब्द जुळवत असतो. पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना प्याजेंना मुलांच्या चुकलेल्या उत्तरांमागचा विचारच जास्त मोलाचा वाटला, हे तू शिकली आहेसच.

सगळ्यात जास्त वेळ ‘पुढे काय करणार?’ याला दे. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन यांच्या स्व-ओळखीविषयीच्या मांडणीवरून जेम्स मार्सिया यांनी महाविद्यालयीन तरुणांच्या मुलाखती घेतल्या आणि १९६६ मध्ये निष्कर्ष मांडले. ते दोन गोष्टी तपासत: याने स्वतः शोधाशोध केली आहे का, आणि काही पक्कं ठरवलं आहे का. आपल्याकडे दोन मुलं सारख्याच ठामपणे ‘सायन्स घेणार, इंजिनिअर होणार’ म्हणतात. एकाने डिप्लोमाची चौकशी केलेली असते, मध्येच चित्रकलेचं वेड घेऊन तो परत फिरलेला असतो. दुसऱ्याचं घरच्यांनी सातवीतच ठरवलेलं असतं आणि वेगळं काही त्याच्या मनातही आलेलं नसतं. तुझ्या वहीत मात्र दोघांचं उत्तर एकच उतरेल. म्हणून विचार, ‘याआधी दुसरं काही व्हावंसं वाटलं होतं? ते का सोडलंस?’ आणि ‘अजून ठरलं नाही’ म्हणणारा मुलगा शोधात आहे की त्याने अजून विचारच केलेला नाही, तेही बघ. अशा मुलांवर ‘ध्येय नाही’ असा शिक्का शाळेत फार लवकर बसतो, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परवानगी आईवडिलांची घे, पण मुलाचाही होकार हवा, रेकॉर्डिंगसाठी तर नक्कीच. आईसमोर बसून बोलू नका. मैदानाकडेचा कट्टा बरा, सगळ्यांना दिसेल पण कोणाला ऐकू जाणार नाही. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तर मोठ्यांना सांगावंच लागेल, हे त्याला सुरुवातीलाच सांग.

त्याच संध्याकाळी लिहायला बस आणि त्याचे शब्द तसेच ठेव. नाव, शाळा, वडिलांचा धंदा बदल. लहान गावात तेवढ्यावरूनही मुलगा ओळखू येतो. कच्चं लिखाण झालं की मला पाठव.

तुझी,
मावशी