अंगणात खणताना वायर लागली? तोडण्याआधी हा हिशेब बघा

बदलापूर-अंबरनाथकडे जुना बंगला किंवा रो-हाऊस विकत घेतलं की आधीच्या मालकाच्या हौसाही सोबत येतात. लिंबाच्या रोपासाठी खड्डा घ्यावा, तर वीतभर खाली रंगीत वायरींचा जुडगा निघतो. एक पांढरी, बाकीच्या लाल, निळ्या, पिवळ्या, आणि सगळ्या एकाच दिशेने भिंतीकडे गेलेल्या. बहुतेक वेळा ही लॉनच्या स्प्रिंकलरची वायरिंग असते. लॉन वाळून गेलं, टायमरचा डबा भंगारात गेला, वायर जमिनीत राहिली. माळी म्हणतो, ‘साहेब, मेलेली आहे, तोडून टाकतो.’ त्याला तेवढं थांबवा.

स्प्रिंकलरच्या वायरीत स्वतःचा धोका फारसा नसतो. टायमरमधला ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 24 व्होल्ट करतो आणि तेवढ्यावर जमिनीतले सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडझाप करतात. भीती तिच्या शेजारणीची असते. आपल्याकडे वायरमन चर एकदाच खणतो आणि त्यातच बागेच्या दिव्याची वायर, गेटच्या मोटरची वायर आणि बोअरवेलच्या पंपाची चपटी केबलही टाकून मोकळा होतो. ही सगळी 230 व्होल्टची, पंप थ्री-फेज असेल तर 415 ची. रंगावरून काही ठरवू नका. दुकानात ज्या रंगाचं बंडल होतं तेच जमिनीत गेलेलं असतं.

खोलीवरूनही खात्री होत नाही. भारतीय मानकाप्रमाणे लो-टेन्शन केबल 75 सेंटिमीटर आणि 11 केव्हीची 90 सेंटिमीटर खाली हवी, वर विटांचं किंवा फरश्यांचं आच्छादन हवं. म्हणजे खणताना ओळीने मांडलेल्या विटा लागल्या तर तिथेच थांबायचं. पण 2005 आणि 2019 च्या पुरांनंतर उल्हास नदीकाठी ज्यांनी मुरूम टाकून अंगण उंचावलं, त्यांच्याकडे उथळ वायरही आता हातभर खाली असेल. उल्हासनगरात लॉनच मुळात दुर्मीळ. तिथे 1949 साली लष्करी छावणीच्या बराकींतून शहर उभं राहिलं, बराकींना पुढे-मागे खोल्या जोडल्या गेल्या. त्यामुळे पडवीत खणताना निघालेली केबल शेजाऱ्याच्या मीटरचीही असू शकते. आधी त्याला विचारा.

आता खर्च. आकडे ढोबळ अंदाजाचे आहेत, दुकानागणिक आणि कारागिरागणिक बदलतील. पहिलं काम फुकटचं: मेन स्विच बंद करा, पहार-टिकाव बाजूला ठेवा आणि खुरप्याने वायर दोन्ही बाजूंना फूटभर मोकळी करा. मेन बंद करूनही शेजाऱ्याची किंवा महावितरणची केबल जिवंतच राहते, म्हणून उघडी तार दिसली तर हात लावू नका. मग वायरमनला बोलवा. तपासणीच्या फेरीचे 300 ते 500 रुपये द्यायला कुरकुर करू नका, या सगळ्या प्रकरणातले सर्वांत सार्थकी लागणारे पैसे तेच. तो नुसता पेनसारखा टेस्टर लावून ‘करंट नाही’ म्हणाला तर समाधान मानू नका. पत्र्याचं चिलखत असलेल्या केबलवर तो टेस्टर गप्प बसतो. मल्टिमीटर हवा.

वायर स्प्रिंकलरची आणि मृत ठरली, तर त्याच मल्टिमीटरने पांढऱ्या कॉमन वायरीपासून एकेका रंगाचा रेझिस्टन्स मोजायला सांगा. साधारण 20 ते 60 ओहम आले तर व्हॉल्व्हची कॉइल शाबूत आहे. काहीच आलं नाही तर वायर कुठेतरी तुटलीय, शून्याजवळ आलं तर शॉर्ट आहे. तुटलेली जागा बहुधा सांध्यावरच सापडते. साधी इन्सुलेशन टेप गुंडाळलेला सांधा कोकणच्या पावसात चिकट लगदा होतो, आत तांब्यावर हिरवा थर चढलेला असतो. बाकीचं काम घुशी करतात.

फावड्याने तुटलेली एक वायर जोडायला जेल भरलेला वॉटरप्रूफ कनेक्टर लागतो, नगाला 50 ते 100 रुपये. मजुरी धरून हजाराच्या आत काम व्हावं. पण व्हॉल्व्ह गेलेला असेल तर एकेकाला दीड ते तीन हजार, टायमर नवा घ्यायचा तर पाच हजारांच्या पुढे, आणि चर खणायला नाक्यावरच्या मजुराचा रोज आठशे-हजार. इथे माझं मत स्पष्ट आहे: दोन-तीन गुंठ्यांच्या आतल्या अंगणासाठी हे करू नका. पाणी कपातीच्या दिवशी टाकीतलं पाणी मोजून वापरणाऱ्या घराला स्प्रिंकलर परवडत नाही. नळाला लावायचा बॅटरीचा टायमर आणि ठिबकच्या नळ्या मिळून तीन-चार हजारांत भागतं. मुरबाड-कर्जतकडच्या शेतीसाहित्याच्या दुकानांत ठिबकचं सामान सहज मिळतं. बागेत 230 व्होल्टची वायर राहणारच असेल, तर त्या सर्किटला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. दोन-तीन हजारांचा खर्च आहे, तो मात्र टाळू नका.

वायर तुमची नसेल तर हिशेब वेगळा. मीटरपर्यंतची केबल महावितरणची, मीटरपुढची तुमची. पहिलीला धक्का लागला तर 1912 वर फोन करा, खासगी वायरमनकडून जोडून घेऊ नका. पिवळी नळी किंवा पिवळी इशारा पट्टी दिसली तर ती महानगर गॅसची समजा. वास आला तर कुठलंही बटण न दाबता लांब जा आणि बिलावरच्या इमर्जन्सी क्रमांकावर कळवा. सोसायटी रस्त्याकडेला जेसीबी लावणार असेल, तर केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप 2023 पासून आहे. ठेकेदाराने त्यावर आधी नोंद केली का, हे कमिटीने विचारावं.

आणि मृत वायर जमिनीतच सोडायची असेल, तर टोकं कापून कॅप लावा, भिंतीकडचं टोक बोर्डातून सोडवून घ्या आणि कंपाउंडपासून किती फुटांवर आहे ते टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढचा खड्डा कुणीतरी घेणारच आहे.