स्मृतिनिधीचा पैसा आणि लेकरांचं मैदान

आपल्याकडे एखादा खेळाडू पोरगा अकाली गेला की मित्रांच्या मनात पहिला विचार येतो तो स्मृतिचषकाचा. माझा पुतण्या गेला तेव्हाही तसंच झालं. तो परभणीत फुटबॉल खेळायचा. घरच्यांनी काही रक्कम ठेवीत टाकून त्याच्या नावाने ट्रस्ट केला, आणि पहिल्याच बैठकीत त्याच्या मित्रांनी खुल्या स्पर्धेचा प्रस्ताव ठेवला. रोख बक्षिसं, ट्रॉफ्या, मांडव, लाउडस्पीकर, बाहेरगावच्या संघांच्या राहण्याजेवणाची सोय, सगळं त्यात होतं. पोरांची माया खरी होती, त्यात शंका नाही. पण तो खर्च मी ओळीओळीने वाचला तेव्हा जिल्ह्यातल्या बारा-चौदा वर्षांच्या लेकरासाठी त्यात काहीही नव्हतं. बक्षीस मोठं ठेवलं की बाहेरचे तयार संघ येतात, खेळतात आणि रक्कम घेऊन जातात. मैदानाच्या कडेला उभं राहून बघणारी आपली लेकरं दुसऱ्या दिवशी होती तिथेच असतात.

स्पर्धा वाईट, असं माझं म्हणणं नाही. वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी १९६० साली गेले आणि त्यांच्या नावाची शालेय फुटबॉल स्पर्धा आजही चालू आहे. तालुक्याची शाळासुद्धा तिच्यातून दिल्लीचं स्वप्न पाहू शकते. संतोष करंडकही एका माणसाच्या स्मृतीचाच, १९४१ पासूनचा. पण अशा स्पर्धांच्या पाठीशी मोठ्या संस्था उभ्या आहेत. ठेवीच्या व्याजावर चालणाऱ्या घरगुती ट्रस्टने चषक भरवला तर वर्षाचं सगळं व्याज एका आठवड्यात संपतं. म्हणून आम्ही चषक बाजूला ठेवला आणि ठरवलं की लहान मुलांना खेळवणाऱ्या क्लबना मदत करायची. मग प्रश्न आला, कोणत्या क्लबना?

आमच्याकडे आलेल्या पहिल्या अर्जांमधला सगळ्यांत देखणा अर्ज एका मंडळाचा होता. रंगीत फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं, नोंदणीचं प्रमाणपत्र, लेटरहेड, पुढाऱ्यांची शिफारसपत्रं, सगळं व्यवस्थित. ट्रस्टने वर्षाची रक्कम एकरकमी त्यांच्या खात्यात भरली. काही महिन्यांत त्या मंडळात दोन गट पडले. दोघंही स्वतःला अध्यक्ष म्हणवू लागले, दोघांनीही बँकेला पत्रं दिली, बँकेने खात्यातले व्यवहार थांबवले. बॉल आणि जाळ्या एका खोलीत होत्या आणि त्या खोलीला दोन कुलपं लागली. भांडण मोठ्यांचं होतं. सराव बंद पडला तो मुलांचा, आणि त्यातली कितीतरी मुलं परत मैदानावर आलीच नाहीत. अमुक एक माणूस वाईट होता असं सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. खेड्यातालुक्यातल्या मंडळांत गट पडतातच. पण मदत करणाऱ्याला ते आधी दिसू शकतं, आणि कुठे दिसतं ते सांगायला हवं.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदवलेला असतो. अर्जासोबत बहुतेक सगळे नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडतात. ते प्रमाणपत्र संस्था जन्मली एवढंच सांगतं. आज तिचा कारभार कुणाच्या हाती आहे हे कळतं ते शेड्यूल वनच्या ताज्या उताऱ्यावरून. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो दाखल करायचा असतो. उताऱ्यावर जुनीच नावं असतील आणि लेटरहेडवर नवी, तर थांबून विचारावं. चेंज रिपोर्ट प्रलंबित आहे का, त्याला कुणी हरकत घेतली आहे का, हे दोन प्रश्न विचारायचेच. त्यासोबत मागच्या वर्षांचा ऑडिट रिपोर्ट मागावा. हिशेब किती मोठा आहे याला महत्त्व नाही, तो दरवर्षी सादर झाला आहे का ते बघावं.

मात्र कागदावरच थांबलं तर उलटा अन्याय होतो. जिल्ह्यात लेकरांना खरोखर रोज खेळवणारी कितीतरी माणसं नोंदणीच्या वाटेला गेलेलीच नसतात. एखादा शिक्षक, एखादा रिक्षावाला, कधी काळी विद्यापीठाच्या संघातून खेळलेला एखादा दुकानदार. त्यांच्याकडे लेटरहेड नसतं, शिक्का नसतो. अशांना आम्ही रोख किंवा अनुदान देत नाही; ट्रस्ट स्वतः खर्च करतो. बॉल दुकानदाराकडून थेट घेऊन द्यायचे, प्रशिक्षकाचं मानधन त्याच्या खात्यात टाकायचं, मुरूम टाकणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचं बिल ट्रस्टच्या नावाने घ्यायचं. एका दिवसात एका माणसाला दहा हजारांवर रोखीने दिलेला खर्च प्राप्तिकरात ट्रस्टला मान्य होत नाही, तेव्हा बँकेतूनच देण्याची सवय बरी. नोंदणी असलेल्या क्लबलाही आता आम्ही रक्कम हप्त्यांनीच देतो. पहिल्या हप्त्याची बिलं आली आणि सराव चालू दिसला की दुसरा.

सराव चालू आहे हे कळतं कसं? न सांगता गेलं की. उद्घाटनाला, सत्काराला, स्पर्धेला जाऊन काही कळत नाही. आठवड्यातल्या साध्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमारास जायचं आणि कडेला बसायचं. आम्ही जातो जुलै-ऑगस्टमध्ये, कारण आपल्या काळ्या मातीत क्लबची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. पाऊस पडला की मैदानाचा चिखल होतो आणि बूट रुततात. काही क्लब तेव्हा दोन महिने बंद असतात. काहींनी मैदानाच्या एका कोपऱ्यात मुरूम दाबून पट्टी केलेली असते, काही जण शाळेच्या व्हरांड्यात लेकरांकडून पासिंग करून घेतात. त्यांच्यासाठी माझ्या मनात आधीच जागा होते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर सरावाची वेळ पहाटेवर आणली का, पाण्याची सोय काय, रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या पोरांसाठी वेळ बदलतात का, या गोष्टी विचारून कळतात. पण लेकरांना विचारावं, अध्यक्षांना नको.

मैदानावर बसल्यावर मी एकच गोष्ट निरखून बघतो. सगळ्यांत कच्चं पोर कुठे आहे? ते बॉलला पाय लावतंय की बाहेर गेलेला बॉल आणून देण्यापुरतं आहे? दहा वर्षांच्या मुलांना अकरा-अकराच्या मोठ्या मैदानावर पळवणारा क्लब आणि पाच-पाचच्या छोट्या खेळात सगळ्यांना बॉल मिळवून देणारा क्लब यांत फार फरक आहे. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा बॉल लागतो, मोठ्यांचा पाच नंबरचा नव्हे. हे ज्याला माहीत आहे त्याने मुलांचा विचार केलेला आहे. गोलपोस्ट जमिनीत पक्का रोवलेला किंवा वजनाने दाबलेला आहे का, हे तर हात लावून बघावं. सुटा लोखंडी गोलपोस्ट लेकराच्या अंगावर पडून जीव गेल्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत. तो पक्का करण्याचा खर्च आम्ही पहिल्या हप्त्यातच देतो आणि तो झाल्याशिवाय पुढचं काही देत नाही.

हजेरीच्या बाबतीत मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण इथे बाहेरून आलेला कोणताही नियम चुकतो. हजेरीपत्रक मागणं योग्यच आहे. पण गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातल्या एखाद्या क्लबचं हजेरीपत्रक बघा. जुलैमध्ये भरलेलं, आणि दिवाळीनंतर निम्मं रिकामं. कुणालाही वाटेल की क्लब मोडला. क्लब मोडलेला नसतो; आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात आणि लेकरं त्यांच्यासोबत फडावर असतात. ती परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. वर्षाची सरासरी काढून गुण दिले तर ज्या क्लबकडे सगळ्यांत गरीब लेकरं आहेत तोच यादीत खाली जातो. म्हणून आम्ही सरासरी बघत नाही. गेलेली लेकरं परतल्यावर पुन्हा त्याच मैदानावर आली का, हे बघतो. आली असतील तर त्या प्रशिक्षकाने काहीतरी फार मोलाचं केलेलं आहे. एका क्लबने तर जाणाऱ्या पोरांसोबत बॉल पाठवायला सुरुवात केली. त्या बॉलांचा हिशेब आम्ही मागत नाही.

मुलींचं तसंच. मुलींचा संघ आहे म्हणून फोटो दाखवणारे खूप असतात. मुली रोज येतात का, हे बघायला त्यांची कपडे बदलण्याची जागा, शौचालय आणि घरी परतण्याची वेळ बघावी. अंधार पडायच्या आत सराव संपत असेल, सोबत कुणी ताई असेल, तर आईबाप पाठवतात. मुलांच्या आणि मुलींच्या सुरक्षिततेबद्दल क्लबमध्ये तक्रार कुणाकडे करायची ते नाव लिहून मागावं. लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा असा प्रकार कळूनही पोलिसांना न सांगणं हाच गुन्हा मानतो, हे क्लबवाल्यांना आणि विश्वस्तांना दोघांनाही माहीत असायला हवं. प्रशिक्षक एकटा एका मुलाला किंवा मुलीला घेऊन बाहेरगावी जाणार नाही, ही आमची अट आहे. तिच्यावर कुणी रागावलं तरी ती हलत नाही.

पैसा नेमका कशाला द्यायचा, यावर आमच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. जर्सीवर स्वर्गीय माणसाचं नाव छापता येतं, म्हणून जर्सीकडे ओढा असतो. सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला त्या २०१७ मध्ये, १५ सप्टेंबरला, राज्यभर शाळाशाळांतून मुलांना फुटबॉल खेळवण्याचा मोठा उपक्रम झाला. शाळांत बॉल आले. उत्साह खरा होता, पण बाभळीचा काटा लागला की बॉल बसतो, आणि शिकवणारं माणूस नसेल तर तो पुन्हा कुणी फुगवत नाही. टिकतं ते माणसामुळे. परभणी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. त्या वर्षी नोव्हेंबरात आपण मुंबई राज्यात आलो आणि त्याच सुमारास मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ चौथा आला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, आणि मूळचे शाळाशिक्षक. ही गोष्ट मी बैठकीत पुन्हा पुन्हा सांगितली. आता आमच्या निधीचा मोठा वाटा प्रशिक्षकाच्या मानधनाला आणि त्याच्या शिक्षणाला जातो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्सचा अभ्यासक्रम करायला मोठ्या शहरात जावं लागतं. फी, प्रवास, राहणं आणि बुडालेली मजुरी, हे सगळं धरून द्यावं, नाहीतर गरीब प्रशिक्षक जाऊच शकत नाही.

मग राहतो निवड करणाऱ्यांचा प्रश्न. परभणीसारख्या ठिकाणी प्रत्येक जण कुणाचा तरी सोयरा असतो. ज्या विश्वस्ताचं लेकरू, शाळा किंवा नातेवाईक त्या क्लबमध्ये आहे त्याने त्या अर्जाच्या चर्चेला खोलीबाहेर बसायचं, हे इतिवृत्तात लिहायचं. शिफारसपत्रं आम्ही वाचत नाही आणि तसं अर्जावरच छापलेलं आहे. त्यामुळे शिफारस देणाऱ्यांचीही सुटका होते. निकष अर्ज मागवण्याच्या आधी कागदावर आलेले असावेत. ही अट मी घरच्यांसाठी मांडली. एका मैदानावर माझ्या वहिनीला डाव्या पायाने खेळणारा एक पोरगा दिसला, आणि ती तिथेच बसून राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "भाऊजी, सगळं त्या क्लबलाच देऊ या." तिला नाही म्हणणं मला फार जड गेलं. त्या क्लबला मदत मिळालीही, पण त्याच्या पात्रतेइतकीच. तेव्हापासून घरच्या माणसांनी मैदानावर जायचं ते निर्णय झाल्यावर. मग कितीही वेळ बसावं, लेकरांशी बोलावं, खाऊ न्यावा.

परदेशातल्या नातेवाइकांच्या मदतीबद्दलही सांगतो, कारण अशा ट्रस्टना ती हमखास येऊ पाहते. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान धरली जात नाही. पण त्याने अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी ती विदेशी रक्कम ठरते. तिला केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती पुढे दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. आमच्या घरातल्या एकाचे डॉलर आम्ही याच कारणाने नम्रपणे नाकारले. सुट्टीत आला तेव्हा त्याने लेकरांना शिकवलं.

नकार देताना कारण लिहून द्यावं. "निधीअभावी शक्य नाही" हे वाक्य आम्ही वापरत नाही. शेड्यूल वनवर जुनी नावं आहेत, पावसाळ्यात सराव बंद होता, गोलपोस्ट सुटे आहेत, असं नेमकं लिहिलं की पुढच्या वर्षी तोच क्लब दुरुस्ती करून येतो. आमच्या यादीतले काही चांगले क्लब असेच दुसऱ्या खेपेला आले. आणि चालू मदत थांबवायची असेल तर एक हंगाम आधी कळवावं, म्हणजे प्रशिक्षकाच्या मानधनाची दुसरी सोय बघायला त्यांना वेळ मिळतो. आमचे अर्ज उन्हाळ्यात सुटतात, मैदानं पावसाळ्यात बघून होतात आणि निर्णय दसऱ्याच्या आत लागतो, म्हणजे ऊसतोडीच्या गाड्या निघण्यापूर्वी त्या लेकरांच्या हातात बॉल पोचलेला असतो.