बदल आधी आपल्या बांधीत



पुढारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खादीचा सदरा आणि मांडवातले भाषण येते. धंदा म्हटले की भंडाऱ्याच्या बाजारातली पेढी आठवते. आपण स्वतःला यांपैकी काहीच समजत नाही. तथापि ज्याच्याकडे दोन-तीन एकर ऊस आहे, जो बेणे, खत, मजुरी यांत भांडवल घालतो, वर्षभर वाट पाहून माल वजनकाट्यावर आणतो, तो छोटा धंदेवाईकच आहे. त्या धंद्याचा पुढारीही तोच. म्हणून बदल करायचा की नाही, हा प्रश्न संचालक मंडळाच्या आधी आपल्या घरी सुटला पाहिजे. या पाठात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

आपल्याच मातीतला धडा

झाडीपट्टीला ऊस परका नाही. चांद्याच्या गोंड राजांच्या काळी, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळे, असे जुने लोक सांगत आले आहेत. कोहळी समाजाने हे काम अंगावर घेतले. जंगलाचा उतार पाहायचा, दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घालायची, पाणी अडवायचे आणि खाली धान व ऊस करायचा, ही त्यांची रीत. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. तो आता गोंदिया जिल्ह्यात आहे. 1 मे 1999 ला जिल्हा वेगळा होईपर्यंत तो आपल्याच जिल्ह्यात होता.

यात शिकण्यासारखे काय? पाळ बांधणाऱ्याने आधी स्वतःची मेहनत आणि दाणापाणी घातले. पाऊस पडून तलाव भरेपर्यंत हाती काही नव्हते. लोक त्याच्यामागे आले ते पाणी पाहून, नुसत्या शब्दावर नव्हे.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. जुलमी पद्धत गेली हे चांगलेच झाले. पण पाळीची डागडुजी, गाळ काढणे, पाणीवाटप ही कामे कोणाची, हे गावोगाव नीट ठरले नाही. कित्येक तलाव गाळाने भरले. बदल वरून आला आणि खाली जबाबदारी घेणारा माणूस उभा राहिला नाही, म्हणजे असे होते.

प्रवरेचा धडा

आता नगर जिल्ह्याकडे वळू, कारण आपण ज्या सहकाराचे भागधारक आहोत त्याची घडण तिथे झाली. प्रवरा कालव्याच्या पाण्यावर तिथले शेतकरी ऊस करीत आणि गूळ विकीत. 1930 नंतरच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले. जवळपास खाजगी साखर कारखाना होता, पण त्यात शेतकऱ्याची मालकी नव्हती. डिसेंबर 1945 मध्ये बेलापूरला बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढावा, हा विचार तिथे पक्का झाला.

विचार पक्का होणे सोपे, भाग गोळा करणे अवघड. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडले. त्यांचे शाळेतले शिक्षण थोडे, पण लोकांना त्यांचा शब्द माहीत होता. ‘कुणब्याने कधी कारखाना चालवला काय?’ ही शंका घरोघर होती. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या गुऱ्हाळ चालवले, त्याने न पाहिलेल्या यंत्रावर पैसा टाकायचा म्हणजे लहान गोष्ट नव्हती. अखेर 1950-51 च्या हंगामात प्रवरेचे गाळप सुरू झाले. आरंभीच्या काळात अध्यक्षपद गाडगीळांकडे होते. विखे पाटलांनी ते स्वतःकडेच पाहिजे असा हट्ट धरला नाही.

आम्हाला यात मोठे पुढारीपण दिसते. गावाचा विश्वास एकाजवळ होता, हिशेबाची विद्या दुसऱ्याजवळ होती. दोघांनी एकमेकांची गरज मान्य केली. ‘मला सर्व समजते’ म्हणणाऱ्याकडून बदल होत नाही. ‘मला समजत नाही, म्हणून करणार नाही’ म्हणणाऱ्याकडूनही होत नाही.

बदलाला नाही म्हणण्याची कारणे

आपल्याकडे नवी गोष्ट सांगितली की उत्तर येते, ‘चाललं हाय ते बरं हाय, बाप्पा!’ याला आम्ही आळस म्हणणार नाही. लहान शेतकऱ्याचा एक हंगाम बुडाला तर सोसायटीचे कर्ज थकते आणि पोरीचे लग्न पुढे जाते. त्याची भीती खरी आहे. म्हणून त्याला भाषण देऊन उपयोग नाही. बदल इतका लहान करावा की फसला तरी घर हलू नये. आणि तो आधी पुढाऱ्याने करावा.

एक उदाहरण: पाचट

तोड झाली की आपण काडी लावतो. रान मोकळे होते, खोडवा लवकर फुटतो असे वाटते. पण एकरी सुमारे 4 टन पाचट आपण धुरात घालवतो. तेच सरीत कुजले तर जमिनीत सेंद्रिय माल जातो, ओल टिकते, तण दबते. जिथे उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, तिथे ओल टिकणे म्हणजे पाण्याची पाळीच वाचणे.

आम्हीही पहिल्या वर्षी पाचट ठेवले आणि फसलो. नुसते पसरून दिले, वर काही टाकले नाही. खोडवा पिवळा पडला. शेजारी धुऱ्यावर उभे राहून हसले, आणि जे दोघे-तिघे आमचे पाहून पाचट ठेवणार होते त्यांनी काडी लावली. चूक पाचटाची नव्हती, आमची होती. पाचट कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेते. ते बाहेरून द्यावे लागते. दुसऱ्या वर्षी खालीलप्रमाणे केले:

1. बुडख्यांवरचे पाचट ओढून सरीत दाबले. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटले.
2. छाटलेल्या बुडख्यांवर 10 लीटर पाण्यात 10 ग्रॅम कार्बेन्डाझिम या प्रमाणात फवारणी केली.
3. पाचटाच्या दर टनाला युरिया 8 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 10 किलो आणि कुजविणारे जिवाणू संवर्धक 1 किलो टाकले. म्हणजे 4 टनांना अनुक्रमे 32, 40 आणि 4 किलो. लगेच पाणी दिले.
4. पिकाचे खत वरून न फेकता पहारीने भोके घेऊन मुळाजवळ दिले.

ज्या खोलगट बांधीत पाणी साचून राहते तिथे हा प्रयोग आधी करू नये. निचऱ्याचा तुकडा निवडावा. शेजाऱ्याची आग आपल्या पाचटात येऊ नये म्हणून धुऱ्याकडेचा पट्टा साफ ठेवावा.

हिशेब उघडा ठेवा

एकरातले 20 गुंठे नव्या पद्धतीने करा, 20 गुंठे नेहमीप्रमाणे. वही घ्या. पाण्याच्या पाळ्या किती, निंदणाची मजुरी किती, खत किती, हे दोन्ही तुकड्यांचे वेगळे लिहा. तोडीच्या वेळी दोन्हींच्या गाड्या वेगळ्या भरा म्हणजे काट्याची पावती वेगळी मिळेल. टन सारखे आले पण दोन पाळ्या आणि एक निंदण वाचले, तरी तो नफाच आहे. आणि तोटा आला तर तोही सांगा. लपवलेल्या तोट्यात शेजारीही पडतो. सांगितलेल्या तोट्यातून तो वाचतो. आमच्या पिवळ्या खोडव्याची गोष्ट आम्ही येथे छापतो ती याचसाठी.

कारखान्याशी याचा संबंध

विदर्भातले कित्येक सहकारी साखर कारखाने बंद पडले, काही विकले गेले. कारणे अनेक आहेत: उसाची टंचाई, कर्ज, कारभार. पण एक गोष्ट आपल्या हातची आहे. एकरी टन वाढले नाहीत तर सभासद ऊस मोडून पुन्हा धानाकडे वळतो, आणि ऊस नसलेल्या कारखान्याला कोणताही अध्यक्ष वाचवू शकत नाही. तसेच जो सभासद घरी वही ठेवतो, त्याला वार्षिक सभेत ताळेबंदावर नेमका प्रश्न विचारता येतो. जो स्वतःचा हिशेब पाहत नाही, तो कारखान्याचा काय पाहणार?

गटसभेसाठी प्रश्न

1. आपल्या गटात यंदा 20 गुंठ्यांचा प्रयोग कोण करणार? संचालक आणि गटप्रमुख यांनी आधी नाव द्यावे.
2. गेल्या पाच वर्षांत आपण कोणती नवी गोष्ट करून सोडून दिली? का सोडली?
3. आपल्या गावच्या तलावाची वा बोडीची पाळ आज कोण पाहतो?

या प्रश्नांवर सभेत मोकळेपणाने बोलावे. ज्या सभासदांनी प्रयोग केला त्यांनी आपल्या वहीतला हिशेब, नफ्याचा असो वा तोट्याचा, आमच्याकडे जरूर पाठवावा. तो या पानांवर जसाच्या तसा देऊ.