सावड : एका दिवसाच्या बदल्यात एक दिवस
(परिसर अभ्यास, गणित आणि मूल्यशिक्षण यांचा एकत्र पाठ, इयत्ता ४ थी व ५ वी)



'शेजाऱ्याला मदत करावी' हे वाक्य आपल्या मुलांना तोंडपाठ असतं. परिपाठात येतं, निबंधात येतं. पण मदत म्हणजे काय, असं विचारलं की बहुतेक मुलं सांगतात, 'गरिबाला पैसे देणे', 'भुकेल्याला जेवण देणे'. म्हणजे एक कायम देणारा आणि एक कायम घेणारा. आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीत वेगळी मदत दिसते. तिथे आज जो देतो, तोच उद्या घेतो. ही मदत मुलांना समजावी म्हणून हा पाठ.

रोवणी थांबत का नाही?

आधी पऱ्हे टाकतात. साधारण तीन-साडेतीन आठवड्यांनी ते उपटून चिखल केलेल्या बांधीत रोवतात. पऱ्हे जास्त दिवस तसेच राहिले तर पुढे फुटवे कमी येतात. चिखल करून बांधी नुसतीच ठेवली तर चिखल बसतो आणि रोवायला जड जातो. मध्येच पावसाने दडी मारली तर बांधीतलं पाणी आटतं. थोडक्यात, काम मोठं आणि दिवस मोजके. शेतीतली अडचण म्हणजे पुष्कळदा पैशाची नाही, वेळेची असते.

यावर शेतकऱ्यांनी काढलेला जुना उपाय म्हणजे सावड. आज सगळे तुझ्या बांधीत, उद्या सगळे माझ्या बांधीत. मजुरी नाही, दिवसाच्या बदल्यात दिवस. याच्याच जवळचा शब्द म्हणजे इर्जिक. त्यात ज्याचं काम असतं तो आलेल्यांना जेवू घालतो. तुमच्या घरी आजी-आजोबा यासाठी दुसराच शब्द वापरत असतील. तो मुलांना जरूर वहीत लिहायला सांगा.

आता फळ्यावर गणित मांडू

समजा ५ घरं आहेत. प्रत्येकाची १ एकर बांधी आणि रोवणीला घरची २ माणसं. १ एकर रोवायला १० माणसांचा १ दिवस लागतो, असं धरू.

प्रत्येक घराने एकट्याने रोवलं तर १० ÷ २ = ५ दिवस.
सावडीने रोवलं तर रोज एका घरी १० माणसं, म्हणजे ५ घरांना ५ दिवस.

उत्तर सारखंच आलं! इथे थोडं थांबा. 'मग सावडीचा फायदा काय?' हा प्रश्न मुलांनाच विचारू द्या.

पहिला फायदा चिखलाचा. सावडीत ज्या दिवशी बांधी तयार, त्याच दिवशी रोवणी पूर्ण. दुसरा फायदा मोठा आहे. समजा, पहिल्याच दिवशी एका घरचा एक माणूस तापाने पडला. एकटं घर असेल तर उरलेल्या एकाला १० दिवस लागतील. सावडीत मात्र ९ माणसं उरतात. एकूण काम ५० दिवसांचं. ५० ÷ ९ केलं तर भागाकार ५, बाकी ५. म्हणजे सहाव्या दिवशी पाचही घरांची रोवणी आटोपते. एका घरावर आलेलं पाच जादा दिवसांचं संकट पाच घरांनी वाटून घेतलं आणि कुणाच्याही वाट्याला पुरता एक दिवस आला नाही.

शेवटचं घर

आता खरा प्रश्न. पहिला नंबर कोणाचा? ज्याचे पऱ्हे आधी तयार झाले त्याचा? ज्याच्या बांधीतलं पाणी लवकर उतरतं त्याचा? की घरात आजारी माणूस आहे त्याचा? मुलांना वाद घालू द्या, कारण द्यायला लावा.

मग विचारा, पाचव्या नंबरचं घर चार दिवस दुसऱ्यांकडे का राबतं? कारण त्याला भरवसा असतो की पाचव्या दिवशी सगळे येतील. पहिल्या घराचं काम तर केव्हाच झालेलं असतं, तरी ते येतं. सावडीचा सगळा जीव या शेवटच्या दिवसात आहे. मदत घेणं सोपं आहे, आपलं काम झाल्यावर परत जाणं हे शिकावं लागतं.

पूर आला तेव्हा

ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या दिवसांत मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला. तिथल्या संजय सरोवरातून पाणी सोडावं लागलं आणि वैनगंगेला मोठा पूर आला. गोसेखुर्द धरणाचे ३३ ही दरवाजे उघडले होते. भंडारा शहराच्या सखल भागात आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. रोवलेला धान पाण्याखाली गेला. त्यात कोरोनाचा काळ.

अशा वेळी दिवसाच्या बदल्यात दिवस असा हिशोब चालत नाही. ज्याचं घर उंचावर, त्याचं घर कदाचित कधीच बुडणार नाही. तरीही सावडीतली ओळख इथे कामी येते. कोणाच्या घरी म्हातारी अंथरुणावर आहे, गोठा कुठे आहे, धानाची पोती कोणत्या खोलीत आहेत, हे रोज सोबत राबणाऱ्या शेजाऱ्याला माहीत असतं. बचाव पथक नंतर पोहोचतं, शेजारी तिथेच असतो. पाणी ओसरल्यावर जनावरांना तणस लागते, ती वाचलेल्या घरूनच येते. कापणीनंतर एखाद्याच्या पुंजण्याला आग लागली, तर पाणी घेऊन आधी धावतो तोही शेजारीच.

मात्र मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. शेजारी धावून आले म्हणून पंचनामा आणि नुकसानभरपाई यांची गरज संपत नाही. तो शेतकऱ्याचा हक्क आहे. आणि ज्यांना स्वतःची बांधीच नाही, त्यांना दिवसाच्या बदल्यात दिवस कसा मिळणार? त्यांना मजुरी वेळेवर आणि पुरेशी देणं हाही शेजारधर्मच. रोवणीत वाकून राबणाऱ्या बहुतेक बायाच असतात, हेही गणितातल्या 'माणसं' या शब्दामागे लपू देऊ नका.

वर्गासाठी उपक्रम

१. घरातल्या मोठ्यांना विचारा : तुम्ही कोणाकडे सावडीने गेला होता? कोण आपल्याकडे आलं होतं? आता सावड कमी का झाली? (ठेक्याची रोवणी, हार्वेस्टर, कामासाठी बाहेरगावी गेलेली माणसं अशी उत्तरं येतील. चूक-बरोबर न ठरवता लिहून घ्या.)
२. वरचं गणित बदलून द्या : एका घराने पहिल्या दिवशी मदत घेतली आणि नंतर आलंच नाही, तर बाकीच्या चार घरांना किती दिवस जास्त लागतील?
३. शाळेतली सावड : वाचनात पुढे असलेलं मूल आणि गणितात पुढे असलेलं मूल, आठवडाभर एकमेकांना रोज दहा मिनिटं.

पालकांना एकच विनंती. या हंगामात कोणाकडे मदतीला जाल तेव्हा मुलाला एक दिवस सोबत न्या आणि आपण का चाललो आहोत, ते वाटेत सांगा. त्यांचा दिवस आपल्याकडे बाकी आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.