हातून कपबशी का पडते?

आमच्या शाळेत चौदा वर्षांची एक मुलगी होती. सकाळच्या तासाला तिच्या हातून कधी पेन उडे, कधी वही पडे. "लक्ष कुठे आहे गं?" म्हणून आम्ही तिला रागावत असू. घरी कपबशी फुटली की आई बोले.

एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी ती कोसळली. अंग ताठ झाले, हातपाय झटके देऊ लागले. कुणी चप्पल हुंगवली, कुणी देवऋषीचे नाव काढले. त्याने काही होत नाही. दोन-तीन मिनिटांत झटके आपोआप थांबले. आम्ही तिला दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी आधी विचारले, "पडताना कोणी पाहिले?" झटके एका अंगाला की दोन्ही? किती वेळ? जीभ चावली का? मग ते आईला म्हणाले, "ताई, सकाळी उठल्यावर हिच्या हातांना हिसके बसतात का?" आईने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान खाली घातली. ते हिसके हीच फेफऱ्याची खूण होती! वयात येणाऱ्या मुलामुलींत असा एक प्रकार असतो. जागरण झाले की तो उसळतो. आदल्या रात्री ती लग्नघरी जागली होती.

डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. त्यात शॉक देत नाहीत, दुखतही नाही. पण आलेख साफ आला म्हणजे आजार नाही, असे नव्हे. म्हणून पाहणाऱ्याची हकीकत मोलाची. एकाने मुलाला कुशीवर वळवावे, दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावे. तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, तर लगेच दवाखाना गाठावा.

एकदा झटके आले म्हणजे फेफरेच, असेही नाही. साखर उतरली तरी येतात. जन्मताना गुदमरलेले मूल, डोक्याला जबर मार, मेंदूज्वर, घरात कुणाला फेफरे, यांनी धोका वाढतो. पट्टकृमीची अंडी घाणीतून भाजीवर येतात, पोटात जातात आणि मेंदूत गाठी होतात. माळकऱ्याच्या घरीही हे घडते. कोथिंबीर, मुळा नीट धुवावा. पुष्कळांत मात्र कारण सापडतच नाही.

"हिचं लग्न कसं व्हायचं?" आईने विचारले. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याची आडकाठी होती. ती १९९९ साली काढली. आजार लपवला की गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि गोळी चुकली की झटके परत येतात.

पुढच्या खेपेला आईने एक वही आणली. कोणत्या सकाळी हिसके आले, ते तिने स्वतः लिहिले होते. अक्षर वाकडे होते. डॉक्टरांनी पानन् पान वाचले.